नदीकाठचा वाडा कसा वाचावा? मेणवलीचा वाडा आणि आपल्या गावची गढी



दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांत सहलीचं वारं सुरू होतं. आपल्या परभणी जिल्ह्यातून निघणाऱ्या बऱ्याच सहली प्रतापगड-महाबळेश्वरच्या दिशेनं जातात. पाचशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास, दोन-तीन मुक्काम, भरगच्च वेळापत्रक. गड पाहायचा, पॉइंट पाहायचे, स्ट्रॉबेरी घ्यायची आणि परत. या वाटेवर वाई लागते. वाईपासून जेमतेम तीन किलोमीटरवर कृष्णेच्या काठी मेणवली हे छोटं गाव आहे आणि तिथं नाना फडणवीसांचा वाडा आहे. दोन तास काढून तिथं थांबलात, तर मुलांच्या हाती किल्ल्यापेक्षा वेगळं काहीतरी लागेल. किल्ल्यात लढाई दिसते. वाड्यात माणसं कशी राहत होती ते दिसतं.

आता ज्यांना एवढ्या लांब जाणं परवडत नाही, त्यांनी हा लेख सोडून देऊ नये. उलट खरा लेख त्यांच्यासाठीच आहे. मेणवलीला जे पाहायला शिकायचं, तेच आपल्या गावच्या पडक्या गढीतही पाहता येतं. कसं, ते पुढे बघूया.

आधी थोडी माहिती

नाना फडणवीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू. जन्म १७४२, साताऱ्याचा. १७६१ च्या पानिपतावरून जे जिवंत परत आले त्यांत हा तरुण होता. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर जे बारभाईंचं कारस्थान उभं राहिलं, त्यात नाना प्रमुख होते. पुढे पंचवीसेक वर्षं पुण्याच्या दरबारात त्यांचा शब्द मोठा होता. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

मेणवली हे गाव नानांना १७६८ साली पंतप्रतिनिधींकडून इनाम मिळालं. तिथं त्यांनी नदीकाठी वाडा, घाट आणि देवळं बांधली. वाड्याला सहा चौक आहेत. मागच्या दारातून बाहेर पडलं की सरळ घाटाच्या पायऱ्या लागतात आणि पायऱ्यांखाली कृष्णा वाहते. घाटावर मेणेश्वराचं म्हणजे महादेवाचं आणि विष्णूचं देऊळ आहे. वाड्यात जुनी भित्तिचित्रं आहेत. नानांच्या कारभाराची मोडी लिपीतली कागदपत्रंही इथंच सांभाळली गेली. इतिहासाचे अभ्यासक त्यांना ‘मेणवली दप्तर’ म्हणतात. द. ब. पारसनीस यांनी ती कागदपत्रं उजेडात आणली.

मुलांना हे सगळं एकदम सांगू नका. त्यांना आधी एवढंच सांगा की, ‘स्वदेस’ नावाचा सिनेमा २००४ साली आला होता, त्यातला घाट हाच. लगेच कान टवकारतात. त्यानंतर प्रश्न विचारायला सुरुवात करा.

पहिला प्रश्न : वाडा नदीकाठीच का?

मुलं पटकन उत्तर देतात, “पाण्यासाठी.” बरोबर आहे, पण तेवढ्यावर थांबू नका. नदीकाठी पाणी मिळतं तसा पूरही येतो. मग पुरापासून घर कसं वाचवलं?

इथं घाटाकडे बोट दाखवा. घाट म्हणजे फक्त आंघोळीच्या पायऱ्या नव्हेत. काळ्या पाषाणाचा तो बांध आहे. पाण्याच्या माऱ्यानं काठची माती ढासळू नये म्हणून तो काठाला धरून ठेवतो. वाडा उंचावर, मध्ये पायऱ्या, खाली पात्र. पाणी चढलं तर आधी पायऱ्या बुडतात, घर नाही. पायऱ्या मोजल्या की पाणी किती चढलं तेही कळतं, म्हणजे घाट ही एक मोजपट्टीच झाली. आज वरच्या अंगाला धोमचं धरण असल्यामुळे पात्राचं रूप बदललेलं आहे. नानांच्या काळी धरण नव्हतं, हे मुलांच्या लक्षात आणून द्या.

वाईला परत आलात की ढोल्या गणपतीच्या देवळामागे मुलांना घेऊन जा. हे देऊळ १७६२ साली गणपतराव रास्ते यांनी बांधलं. मागची भिंत माशाच्या किंवा नावेच्या टोकासारखी निमुळती आहे. पुराचं पाणी त्या टोकावर दुभंगतं आणि दोन्ही बाजूंनी निघून जातं. सातवी-आठवीच्या विज्ञानाचा एक अख्खा तास इथं उभ्या उभ्या होतो. मुलांना म्हणा, बादलीतल्या पाण्यात आधी तळहात आडवा धरून ढकला, मग उभा धरून ढकला. कोणत्या वेळी जोर जास्त लागला? हाताला जे कळतं ते पुस्तकात शोधावं लागत नाही.

दुसरा प्रश्न : बाग कुठे संपते आणि शेत कुठे सुरू होतं?

इंग्लंडमध्ये नदीकाठच्या जुन्या हवेल्यांभोवती शेकडो एकरांची हिरवळ असते. दुरून दिसावी, घोड्यावर फिरावं, शिकार करावी यासाठी ती राखलेली. आपल्याकडे वाड्याभोवतीची बाग बहुधा कामाची असे. आंब्याची आमराई, चिंचा, देवाला लागणारी फुलं, तुळस, बेल, परसात भाजीपाला. सावली, फळ, लाकूड आणि पूजा या चारही गोष्टी एकाच जागेतून मिळत. घाटावरच्या वड-पिंपळाची मुळं काठ धरून ठेवतात, ते वेगळंच.

मुलांना प्रत्येकी एक झाड द्या. झाडाचं नाव, त्याचा उपयोग आणि ते नेमकं तिथंच का लावलं असेल, या तीन ओळी लिहायला सांगा. तिसऱ्या ओळीचं उत्तर चुकलं तरी चालेल. अंदाज करायला शिकणं महत्त्वाचं.

तिसरा प्रश्न : देवळात ही घंटा कुठून आली?

मेणवलीच्या घाटावर एक मोठी घंटा आहे. तिच्यावर मेरी आणि बाळ येशूची आकृती आहे आणि १७०७ हे साल आहे. महादेवाच्या दारात ख्रिस्ती घंटा! मुलं चकित होतात आणि तेच हवं असतं.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली. तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखात आल्या आणि देवळांत बसल्या. एक भीमाशंकरला आहे. एक नाशिकला पंचवटीत नारोशंकराच्या देवळात आहे, तिच्यावर १७२१ हे साल आहे. नाशिकची ही घंटा गोदावरीच्या काठी आहे आणि तीच गोदावरी पुढे आपल्या गंगाखेडला येते, हे सांगायला विसरू नका. गोदावरी आणि कृष्णा दोघी सह्याद्रीत उगम पावतात आणि दोघी बंगालच्या उपसागराला मिळतात. नकाशा उघडायला याहून चांगलं निमित्त कुठलं?

घंटा एकच, पण तिच्या गोष्टी किती बघा. ओतणाऱ्या कारागिराची एक, चर्चमध्ये तिचा आवाज ऐकणाऱ्या गावकऱ्यांची दुसरी, ती वाहून आणणाऱ्या सैनिकांची तिसरी आणि आज ती पाहणाऱ्या आपली चौथी. वर्गात चार गट करा आणि प्रत्येक गटाला एकेक गोष्ट लिहायला द्या. जिंकणाऱ्याचं आणि गमावणाऱ्याचं मन वेगवेगळं असतं, हे मुलांना न सांगता कळतं.

चौथा प्रश्न : हे बांधायला पैसा कुठून आला?

हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. विचारायला हवा. गाव इनाम मिळालं याचा अर्थ असा की त्या गावच्या शेतकऱ्यांनी सरकारला द्यायचा सारा इनामदाराला मिळू लागला. म्हणजे वाड्याच्या दगडात शेतकऱ्याची ज्वारी आहे. त्याखेरीज पाथरवट, सुतार, लोहार, चुना मळणारे, वीट भाजणारे यांची मेहनत आहे. चुना घाणीत बैल फिरवून मळला जाई. त्यात गूळ, बेलफळाचं पाणी, ताग असे पदार्थ घालण्याची पद्धत होती. पण ही घाणी फिरवणाऱ्याचं नाव कुठंही कोरलेलं नसतं.

हा प्रश्न जगभर विचारला जातोय. इंग्लंडमध्ये १८९५ साली स्थापन झालेली नॅशनल ट्रस्ट ही संस्था जुन्या हवेल्या सांभाळते आणि लोकांना खुल्या करते. २०२० साली या संस्थेनं स्वतःच एक अहवाल काढला. आपल्या ताब्यातल्या कोणत्या वास्तूंचा पैसा गुलामगिरीतून आणि वसाहतींतून आला, हे त्यात मांडलं. त्यावर तिकडे बरंच वादळ उठलं. वेल्समधल्या पॉविस किल्ल्यात आजही टिपू सुलतानाचा तंबू ठेवलेला आहे. तो तिथं कसा पोचला असेल, हे मुलांना विचारून बघा.

असा प्रश्न विचारला म्हणून वास्तूची किंमत कमी होत नाही. वाडा सुंदर आहे हेही खरं आणि तो कुणाच्या तरी घामावर उभा आहे हेही खरं. दोन्ही गोष्टी एकत्र मनात ठेवता येणं, हेच तर इतिहास शिकणं आहे.

आता आपल्या गावाकडे येऊया

१७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याची लढाई झाली. एका बाजूला नानांनी जमवलेलं मराठी सैन्य आणि दुसऱ्या बाजूला हैदराबादचा निजाम. आपल्याकडचा बहुतेक मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि पुढे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तिथंच राहिला. म्हणून आपल्याकडे पेशवाई थाटाचे वाडे कमी आणि गढ्या जास्त. गोदावरी, पूर्णा, दुधना या नद्यांच्या काठच्या कितीतरी गावांत उंचवट्यावर पांढऱ्या मातीचे बुरूज अजून दिसतात.

जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असे दोन शब्द येतात. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गावठाण. यामागे साधं शास्त्र आहे. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते. तिच्यावर भिंत टिकत नाही. पांढरी माती तशी फुगत नाही. शिवाय ती शेकडो वर्षांच्या वस्तीची माती आहे. राख, शेण, पडलेल्या भिंती, फुटकी खापरं असं सगळं थरावर थर साचून ती तयार होते. त्यामुळे जुन्या पांढरीच्या पोटात गढीपेक्षाही कितीतरी जुना इतिहास असू शकतो. पैठण, तेर, भोकरदन इथल्या उत्खननांत सातवाहन काळातल्या वस्त्या अशाच टेकाडांखाली सापडल्या.

गढीत शिरताना मुलांना शब्द द्या. दारातली बसायची जागा म्हणजे ढाळज. पुढची वसरी, मधला चौक, आतलं माजघर. लाकडी तुळयांवर माती घालून केलेलं छत म्हणजे माळवद. धान्य साठवायला भिंतीत बळद आणि जमिनीखाली पेव. दिव्यासाठी देवळी. हे शब्द आता ऐंशीच्या पुढच्या माणसांकडेच उरलेत. भिंत पडली तर निदान फोटो उरतो. शब्द गेला की त्याचा फोटोही नसतो.

गढ्या ओस का पडल्या, तेही सांगा. देशमुख-देशपांडे सारा गोळा करत आणि त्यातून त्यांना उत्पन्न मिळे. १८६५ च्या सुमारास हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी जिल्हाबंदी आणली. वसुलीचं काम सरकारी नोकरांकडे गेलं आणि वतनदारांच्या हाती ठरावीक रसूम उरला. १९४९ मध्ये जहागिरी संपल्या. १९५० मध्ये कूळकायदा आला. गढी चालवणारा पैसा थांबला, वाटण्या झाल्या, पोरं शहरात गेली. पावसाळ्याआधी माळवदावर माती घालणारं कुणी राहिलं नाही की चार-दोन वर्षांत छत गळतं आणि दहा-पंधरा वर्षांत भिंत बसते.

जपून बोलायची एक गोष्ट

गढी सगळ्याच मुलांसाठी अभिमानाची जागा नसते. तुमच्या वर्गात एखाद्या मुलाचा पणजोबा त्याच दारात हात जोडून उभा राहिला असेल. कुणाची पणजी तिथं वेठीला राबली असेल. कुणाला त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची मुभाच नसेल. “आपल्या पूर्वजांचं वैभव” असं आपण सरसकट बोलून जातो, तेव्हा मागच्या बाकावरचं एखादं मूल गप्प होतं. त्याची गोष्टही गढीचीच गोष्ट आहे. घरी जाऊन आजोबांना विचार, असं त्यालाही सांगा. तो काय आणतो ते वर्गानं ऐकावं. पण त्याला सांगायचं नसेल, तर आग्रह करू नका.

तसंच बायकांबद्दल. बैठकीत कोण बसायचं, हे सगळे सांगतात. माजघरात दिवस कसा जायचा, पाणी कोण आणायचं, जात्यावर किती दळण पडायचं, हे आजीला विचारावं लागतं. आज नाही विचारलं, तर पाच वर्षांनी विचारायला कुणी नसेल.

चोवीस ट्रॉल्यांचं गणित

आता गणित. समजा गढीची एक भिंत ३० फूट लांब, २० फूट उंच आणि ४ फूट जाड आहे. तिचं घनफळ किती?

३० × २० × ४ = २४०० घनफूट.

१०० घनफूट म्हणजे एक ब्रास. म्हणजे ही भिंत २४ ब्रास मातीची झाली. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत साधारण एक ब्रास माती बसते असं धरा. मग ती भिंत किती खेपांत नाहीशी होईल?

चोवीस.

मुलं उत्तर काढतात आणि क्षणभर थांबतात. कारण त्यांनी त्या ट्रॉल्या पाहिलेल्या असतात. पांढरी माती शेताला चांगली म्हणून गढीची माती शेतात टाकली जाते, घराच्या भरावाला वापरली जाते. नेणारा माणूस दुष्ट नसतो. त्याला खताची किंवा भरावाची गरज असते आणि पडकी गढी त्याला मातीचा ढीग वाटते. त्या मातीसोबत खापरं, नाणी, मणी, जळकं धान्य, सगळं जातं. एकदा थर विस्कटले की कोणती वस्तू आधीची आणि कोणती नंतरची, हे पुन्हा कुणालाही सांगता येत नाही. १९६० च्या महाराष्ट्राच्या कायद्यानं संरक्षित झालेल्या स्मारकांवर फलक असतो, राखणदार असतो. खेड्यातल्या बऱ्याच गढ्यांच्या वाट्याला तेही नाही. त्यांचं राखण गावानंच करायचं. आणि गाव म्हणजे शेवटी आपल्या वर्गातली मुलंच की!

करून बघण्यासारखे उपक्रम

• तिसरी-चौथी : गढीचं किंवा जुन्या घराचं चित्र काढणे. पाच जुने शब्द आजी-आजोबांकडून आणणे.

• पाचवी-सहावी : काळ्या आणि पांढऱ्या मातीच्या दोन लहान विटा करून उन्हात वाळवणे. कोणतीला भेगा पडतात, ते रोज पाहून वहीत लिहिणे. माती शेताच्या बांधावरून आणि पडलेल्या घराच्या ढिगातून घ्यावी, उभ्या भिंतीतून नाही.

• सातवी-आठवी : दोरी आणि टेपनं मोजमाप घेऊन गढीचा कच्चा नकाशा करणे. भौतिक, लिखित आणि मौखिक अशी तिन्ही साधनं वापरून गढीवर दोन पानं लिहिणे.

• नववी-दहावी : गावातल्या किमान तीन वेगवेगळ्या घरांतल्या वयस्क माणसांना गढीबद्दल एकच प्रश्न विचारणे आणि उत्तरांतला फरक मांडणे.

सगळं एका वहीत एकत्र करा. फोटोंवर तारीख घाला. ती वही शाळेच्या कपाटात दरवर्षी पुढच्या वर्गाच्या हाती द्या. पाच वर्षांत तुमच्या गावचं एक छोटं दप्तर तयार होईल. नानांचं दप्तर उरलं म्हणून मेणवली अभ्यासता येते. आपल्या गढीचं दप्तर आपणच लिहायचं आहे.

काळजी घ्या

मेणवलीचा वाडा खासगी मालकीचा आहे. आत जाण्यापूर्वी रीतसर परवानगी घ्या आणि भित्तिचित्रांना हात लावू देऊ नका. घाटावर मुलांची रांग पायऱ्यांच्या वरच्या बाजूला ठेवा, पाण्याजवळ मोठी माणसं उभी करा. गावच्या गढीत आधी शिक्षकांनी एकट्यानं जाऊन पाहणी करावी. मालकाला विचारावं. पेव, आड, ढासळती भिंत आणि साप-विंचवाच्या जागा पाहून घ्याव्यात आणि तिथं मुलांना जाऊ देऊ नये. पावसाळ्यात भेट नकोच. पालकांचं संमतिपत्र, प्रथमोपचार पेटी आणि पिण्याचं पाणी सोबत हवं. खापर किंवा नाणं सापडलं तर जागेवरच फोटो काढावा, उचलू नये. ग्रामपंचायतीला आणि तहसील कार्यालयाला कळवावं.

पालकहो, तुमच्याकडूनही एक मदत हवी. घरात जुना कागद असेल, मोडीतलं खतपत्र असेल, पितळेची अडकित्ते-कुलपं असतील, तर ती भंगारात देण्याआधी एकदा शाळेत आणून दाखवा. मुलांना हाताळू द्या, फोटो काढू द्या, मग घरी घेऊन जा.

आणि वाईला गेलातच, तर मराठी विश्वकोशाचं काम जिथं उभं राहिलं ते गाव हेच, एवढंही मुलांना सांगा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली विश्वकोशाचे खंड इथूनच निघाले. एका गावात नदी, वाडा, देऊळ आणि ज्ञानकोश एवढं सगळं भेटणार असेल, तर स्ट्रॉबेरीसाठी राखलेल्या वेळातला अर्धा तास कमी करायला हरकत नाही.

तुमच्या गावात गढी असेल तर या महिन्यातच एक चक्कर मारा. माप घ्या, शब्द गोळा करा आणि चोवीस ट्रॉल्यांचं गणित फळ्यावर मांडा. मुलं काय म्हणाली, ते नक्की कळवा.